लांब खंडानंतर धावपटूची वापसी: पहिले बारा आठवडे कसे आखावेत

सरावात दोन-चार महिन्यांचा खंड पडलेला राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरचा धावपटू ग्राउंडवर परततो, तेव्हा दोन-तीन आठवड्यांतच त्याचा दम बऱ्यापैकी परत येतो. अडचण तिथूनच सुरू होते. हृदय आणि रक्त लवकर जुळवून घेतात, स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो आणि टाचेमागची अकिलीसची कंडरा, नडगीचं हाड सगळ्यांत मागे राहतात. त्यांचा हिशेब महिन्यांचा असतो. ‘अजून दोन फेऱ्या जातील’ असं दम सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला नडगीचं काही माहीत नसतं, इतकंच.

म्हणून या संपूर्ण आराखड्यात दमाला मत नाही. किती धावायचं हे कंडरा आणि हाडं ठरवतील.

हे फक्त छोट्या शहरात, साधनं नसताना घडतं असं समजू नका. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये २०११ साली मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे काही महिने संघाचा सराव बंद होता. शिबिर सुरू झाल्यावर पहिल्या १२ दिवसांतच १० खेळाडूंच्या अकिलीसला इजा झाली. फिजिओंची फौज हाताशी असताना ही गत.

पुढचा आराखडा ८०० मीटरपासून मॅरेथॉनपर्यंत धावणाऱ्या आणि सहा आठवड्यांहून जास्त खंड पडलेल्या खेळाडूंसाठी आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या सर्जनचा आराखडाच पाळावा. खो-खो आणि कबड्डीच्या खेळाडूंना टप्पा १ ते ३ आणि टप्पा ६ जसेच्या तसे लागू पडतात.

टप्पा १: खंडाचा हिशेब कागदावर उतरवा

बुटांची नाडी बांधण्याआधी वही उघडा. लिहायचं ते एवढं:

१. शेवटचा नियमित सराव कोणत्या तारखेला झाला आणि खंड एकूण किती आठवड्यांचा आहे.
२. खंडाआधीच्या शेवटच्या आठ आठवड्यांची दर आठवड्याची सरासरी, किलोमीटरमध्ये. सर्वांत भारी आठवडा लिहू नका. बहुतेक जण नेमकं तेच करतात आणि सगळी आकडेमोड तिथेच चुकते.
३. खंडाचं कारण: दुखापत, आजार, परीक्षा, नोकरी, गावचं काम.
४. गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या दुखापती, बाजूसकट. डावी की उजवी हे आठवत नसेल तर जुनी फाइल काढा.
५. खंडाच्या काळात घेतलेली औषधं.
६. मुलींसाठी: पाळीच्या तारखा.

तिसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबू. आमच्या नाशिक जिल्ह्यात हरसूल, पेठ, सुरगाण्याकडची मुलं भात लावणीला घरी जातात, निफाड-दिंडोरीकडची द्राक्षाच्या छाटणीला. परतल्यावर हमखास ऐकू येतं, ‘शेतात दिवसभर राबलोय, शरीर तयारच आहे.’ कंबर आणि हात तयार असतात, काटकपणाही टिकलेला असतो. पण धावताना प्रत्येक पावलाला जमिनीचा जो धक्का बसतो, तो शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट असतो. चिखलात वाकून लावणी करताना पायांना तसा धक्का एकदाही बसत नाही. शेतातले दिवस विश्रांतीत धरायचे नाहीत आणि धावण्याच्या सरावातही धरायचे नाहीत.

पाचवा मुद्दा कोणी विचारतच नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं जुलाब, लघवीचा संसर्ग, टायफॉइड अशा आजारांत सर्रास दिली जातात. यांच्यामुळे कंडरा सुजण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका असतो आणि त्यात अकिलीसचा नंबर पहिला. औषध थांबल्यावरही काही महिने हा धोका राहू शकतो. सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील तर तो आणखी वाढतो. अशी गोळी घेतली असेल, तर डॉक्टरांना सांगा आणि खालच्या आराखड्यात वेग व उड्यांचा भाग किमान महिनाभर पुढे ढकला. घेतलेल्या गोळ्यांच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायची सवय लावा.

टप्पा २: डॉक्टर आणि रक्ताच्या तपासण्या

खंड आजारपणाचा असेल तर हा टप्पा ओलांडून पुढे जायचं नाही.

नाशिकमध्ये पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने डेंग्यू-चिकनगुनियाचे. डेंग्यूनंतर ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही. प्लेटलेट्स आणि भूक दोन्ही पूर्ववत होईपर्यंत फक्त चालणं. चिकनगुनियात घोटे आणि पावलांचे सांधे आठवडे, कधी महिने दुखतात. सकाळी सांधे आखडणं आणि दोन्ही बाजूंना दुखणं ही त्याची खूण. ते सरावाचं दुखणं समजून ‘धावून मोकळं करू’ म्हणणाऱ्यांची वापसी आणखी लांबते.

कोणत्याही विषाणूजन्य तापानंतर छातीत दुखणं, धडधड, चक्कर किंवा नेहमीच्या चालीलाच धाप लागणं यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तर ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञ. हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर तीन ते सहा महिने सराव पूर्ण बंद ठेवावा लागतो. त्यात घासाघीस चालत नाही.

बाकी सगळ्यांनी एकदा एवढं तपासून घ्यावं: हिमोग्लोबिनसह सीबीसी, फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, आणि थकवा जास्त असेल तर थायरॉइडची टीएसएच.

फेरिटिन ३० ते ३५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर लांब पल्ल्याच्या धावपटूसाठी ते कमीच; हिमोग्लोबिन ठीक असलं तरी. एक खोच लक्षात ठेवा: ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. ताप उतरून किमान दोन आठवडे झाल्यावरच ही तपासणी करा, नाहीतर ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट घेऊन फिराल. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, मध्ये तासभर जाऊ द्या.

ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. पहाटे अंधारात सराव आणि दिवसभर वर्गात किंवा ऑफिसात, अशा खेळाडूला उन्हाच्या देशात राहूनही ती होते. म्हणून लाखो युनिटचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून टोचून घ्यायचं नाही. डोस डॉक्टर ठरवतील.

मुलींची पाळी सलग तीन महिने आली नसेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग ग्राउंड. यामागे बहुतेक वेळा खाण्यातली तूट असते आणि त्याची किंमत हाडं मोजतात. प्रशिक्षक पुरुष असेल तर मुलगी हे सांगणार नाही. गटातल्या एखाद्या ताईकडे किंवा महिला फिजिओकडे ही जबाबदारी उघडपणे सोपवा.

सावधान: अशक्तपणा वाटतो म्हणून दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घ्यायची आपल्याकडची सवय डोपिंगच्या नियमात बसत नाही. १२ तासांत १०० मिलिलिटरहून जास्त द्रव शिरेतून घेणं प्रतिबंधित आहे. आतला द्रव निरुपद्रवी असला तरीही. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणीचा भाग म्हणून रीतसर दिलेलं सलाईन तेवढं चालतं, आणि त्याचे कागद जपून ठेवावे लागतात.

टप्पा ३: धावण्याआधीच्या सहा चाचण्या

घरी, अनवाणी, दोन दिवसांत विभागून करा. दोन्ही पायांचे आकडे वेगवेगळे लिहा, कारण इथे फरकच जास्त बोलतो.

१. वेगाने चालणं, ४५ मिनिटं. चालताना, त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी काहीही दुखता कामा नये.

२. गुडघा भिंतीला. पाऊल भिंतीसमोर सरळ ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि जास्तीत जास्त किती मागे जाता येतं ते अंगठ्यापासून भिंतीपर्यंत पट्टीने मोजा. साधारण १० सेंटिमीटर हवेत. दोन पायांत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर आखडलेल्या घोट्यावर आधी काम करा.

३. एका पायावर टाच उचलणं. बोटं भिंतीला फक्त तोलासाठी टेकलेली, गुडघा ताठ, दोन सेकंदांना एक. २५ व्हायला हवेत. उंची कमी झाली की मोजणी थांबवा. आकडा गाठायला अर्ध्या उंचीवर उचलणं ही या चाचणीतली ठरलेली लबाडी आहे, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी मोजायला बसवा.

४. एका पायाचा ब्रिज. पाठीवर झोपून टाच ६० सेंटिमीटर उंच बाकावर, गुडघा किंचित वाकलेला, कंबर वर-खाली. २० च्या खाली म्हणजे हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू) कमकुवत, ३० च्या वर म्हणजे चांगलं.

५. एका पायावर खुर्चीतून उठणं. १५ वेळा. समोरून व्हिडिओ काढा. गुडघा आत पडतो का ते पाहा.

६. एका पायावर जागच्या जागी २० उड्या. वेदना शून्य. ही चाचणी सर्वांत शेवटी, पहिल्या पाच पार पडल्यावरच.

तपासणी: दोन पायांतला फरक १० टक्क्यांच्या आत आला की टप्पा ५. नाही आला तर टप्पा ६ मधला ताकदीचा भाग दोन-तीन आठवडे आधी करा आणि पुन्हा मोजा. सहाव्या चाचणीत नडगी, पाऊल किंवा जांघेत हाडावर टोचल्यासारखं दुखलं, तर धावणं नाही. थेट क्रीडावैद्यक किंवा अस्थिरोगतज्ज्ञ.

टप्पा ४: बूट आणि जागा

कपाटात पडून राहिलेल्या बुटाचा तळ कडक होतो. अंगठ्याने दाबून फेस दबत नसेल, किंवा बूट ६००-७०० किलोमीटर चालून झाला असेल, तर नवा घ्या. कार्बन प्लेटचे बूट आणि स्पाइक्स पहिल्या आठ आठवड्यांत पिशवीतून बाहेर काढू नका. कार्बन प्लेटमुळे पावलावरचा भार सरकतो आणि अशा बुटांतून धावणाऱ्यांत पावलाच्या मधल्या नॅव्हिक्युलर हाडाला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत.

जागेचा क्रम महत्त्वाचा. सुरुवात सपाट, दाबलेल्या मातीवर: नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाचा जॉगिंग ट्रॅक यासाठी पुरेसा आहे. फक्त एकाच दिशेने फेऱ्या मारू नका, दर दिवशी दिशा बदला. त्यानंतर गंगापूर रोड किंवा त्र्यंबक रोडसारखा डांबरी रस्ता. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. पहाटे वर्दळ नसेल तिथे जाताना-येताना बाजू बदला. ट्रॅक शेवटी. पांडवलेणी आणि चामरलेणीचा चढ खूप नंतर, आणि तिथला उतार त्याहूनही नंतर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकसतो. सवय सुटलेल्या पायांना एका उतरणीत चार दिवस जिना उतरता येत नाही.

टप्पा ५: पहिले दोन आठवडे, चाल-धाव

ज्याने कधीकाळी आठवड्याला १२० किलोमीटर केले, त्याला चाल-धाव म्हणजे अपमान वाटतो. वाटू द्या.

पहिला आठवडा: चार दिवस, एकाआड एक. १० मिनिटं चाल, मग ४ मिनिटं धाव आणि १ मिनिट चाल असे पाच फेरे, शेवटी ५ मिनिटं चाल. दिवसाला साधारण ४ किलोमीटर धाव होते, आठवड्याला १६.

दुसरा आठवडा: पुन्हा चार दिवस. ९ मिनिटं धाव आणि १ मिनिट चाल असे तीन फेरे, शेवटी ३ मिनिटं धाव. आठवड्याला २३-२४ किलोमीटर.

वेग घड्याळावर ठरवू नका. सलग पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच. जुनं घड्याळ जुन्या वेगाची आठवण करून देत राहतं, त्याचा पेसचा स्क्रीन बंदच करा. मधल्या दिवशी ३०-४० मिनिटं सायकल किंवा पाण्यातली धाव. सावरकर जलतरण तलावात बेल्ट लावून धावायचं असेल तर आधी तिथे विचारून घ्या. दम वाढवायची सगळी हौस या सायकलवर आणि पाण्यात फेडता येते, कारण तिथे हाडाला धक्का नाही.

सगळ्यांत मोठी चूक: परतलेल्या खेळाडूला पहिल्याच सोमवारी मुख्य गटात उभं करणं. गटात सोडला की तो गटाच्या वेगानेच पळणार; खेळाडू आहे तो. पहिले सहा आठवडे त्याची वेळच वेगळी ठेवा, अर्धा तास आधी किंवा नंतर.

दुसरी चूक जुन्या तालमीची: ‘अंग मोकळं करायला’ पहिल्या दिवशी तीनशे-पाचशे बैठका, किंवा उशीर झाला म्हणून शिक्षेच्या बैठका. सवय सुटलेल्या स्नायूंवर असा मारा झाला की स्नायूपेशी फुटतात आणि त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. मांड्या प्रचंड सुजणं, वाकता न येणं आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणं या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी रुग्णालय. घरी पाणी पीत बसून वाट पाहायची नाही.

एप्रिल-मे महिन्यांत परतत असाल तर उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. नाशिकचा पारा तेव्हा ३८-४० पर्यंत जातो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. २ टक्क्यांहून जास्त घट म्हणजे पाणी कमी पडलं.

टप्पा ६: ताकद, पहिल्या आठवड्यापासूनच

हा टप्पा पाचव्यासोबत चालू होतो. क्रमांक नंतरचा आहे म्हणून मागे टाकू नका. कंडरेला जड आणि सावकाश भार लागतो. रबर बँडचे पन्नास-पन्नास झटके तिला ढिम्म हलवत नाहीत.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस रिकामा:

- टाच उचलणं, गुडघा ताठ: ४ सेट, ८ वेळा. वर जायला ३ सेकंद, खाली यायला ३ सेकंद. आधी दोन पायांवर, मग एका पायावर, मग पाठीवर वजनाची बॅग. दर आठवड्याला २ ते ५ किलो वाढ.
- टाच उचलणं, गुडघा वाकलेला: ३ सेट, १० वेळा. धावताना पोटरीतल्या खोलवरच्या सोलियस स्नायूवरच सर्वाधिक भार येतो, आणि हा व्यायाम हमखास गाळला जातो.
- एका पायाचा डेडलिफ्ट किंवा ब्रिज: ३ सेट, ८ वेळा.
- नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कोणाला तरी धरायला लावून शरीर सावकाश पुढे झुकवणं): पहिल्या आठवड्यात एकच दिवस, २ सेट, ५ वेळा. चौथ्या आठवड्यापर्यंत दोन दिवस, ३ सेट, ६ ते ८ वेळा. पहिल्या वेळी पाय दोन-तीन दिवस दुखतात, म्हणून दुसऱ्या दिवशी धाव ठेवू नका.
- साइड प्लँक आणि मांडीच्या आतल्या बाजूचा कोपनहेगन प्लँक: प्रत्येकी २ सेट, २० ते ३० सेकंद.

अकिलीस आधीच कुरकुरत असेल तर पहिले दोन आठवडे हालचाल न करता धरून ठेवण्याचे सेट करा: टाच अर्ध्यावर, ४५ सेकंद, पाच वेळा. दुखणं टाचेच्या हाडाला चिकटलेल्या भागात असेल तर पायरीवर उभं राहून टाच खाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करा.

दोरीवरच्या उड्या पाचव्या आठवड्यापासून: दोन्ही पायांवर ३० सेकंद, सहा वेळा. एका पायावरच्या उड्या आठव्यापासून.

खाण्याबद्दल

खंडात वाढलेले तीन-चार किलो उतरवायला पहिल्याच आठवड्यात भात-भाकरी बंद करणं हा थेट हाडावरचा घाव आहे. पहिले सहा आठवडे वजनकाट्याशी भांडू नका. प्रथिनं दिवसाला शरीराच्या दर किलोला साधारण दीड ग्रॅम, चार भागांत. ५५ किलोच्या खेळाडूला एका वेळी वीसेक ग्रॅम: दोन अंडी आणि एक ग्लास दूध, किंवा मटकीची मोठी वाटीभर उसळ आणि दही. नाचणीची भाकरी कॅल्शियमसाठी उत्तम. पहाटेचा सराव उपाशीपोटी करू नका. एक केळं आणि दोन खजूर तरी पोटात जाऊ द्या.

टप्पा ७: तिसरा ते आठवा आठवडा, सर्वांत फसवा काळ

आता दम जवळजवळ पूर्ण आलेला, पाय हलके, काही दुखत नाही. ताण-अस्थिभंगाची, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडणाऱ्या बारीक चिरेची, सुरुवात बहुतेकदा याच काळात होते. भार वाढला की हाड आधी आपला जुना, थकलेला भाग काढून टाकतं, आणि नवा भाग भरून कडक व्हायला त्यानंतर दोन-तीन महिने जातात. मधल्या काळात ते आधीपेक्षा कमजोर असतं. सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकचे रस्ते खोदून ठेवतात, तशी अवस्था. आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्यावरून ट्रक सोडतो.

खंडाआधी आठवड्याला १२० किलोमीटरची सरासरी आणि खंड तीन महिन्यांचा, असा खेळाडू धरून आकडे असे:

तिसरा आठवडा ३२ किलोमीटर, चौथा २६, पाचवा ३८, सहावा ४५, सातवा ५२, आठवा ४२, नववा ५८, दहावा ६५, अकरावा ७२, बारावा ५८.

तुमची सरासरी ८० असेल तर सगळे आकडे दोन तृतीयांश करा. चौथा, आठवा आणि बारावा आठवडा मुद्दाम कमी ठेवला आहे. ‘छान चाललंय’ म्हणून हे आठवडे गाळायचे नाहीत. छान चाललंय तेव्हाच त्यांची गरज असते. बाराव्या आठवड्यालाही जुन्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहोत, हे खटकेल. पूर्ण सरासरी गाठायला त्यापुढे आणखी सहा ते आठ आठवडे लागतात.

या काळाचे तीन नियम आहेत. एका आठवड्यात एकच गोष्ट बदला: अंतर, वेग, जागा किंवा बूट. एकच रन गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब रनपेक्षा १० टक्क्यांहून जास्त लांब नको. आठवड्याचा आकडा बरोबर ठेवून रविवारी एकदम १८ किलोमीटर मारणारे इथेच सापडतात. आणि दर सरावानंतर अर्ध्या तासात त्रासाचा आकडा लिहा: ० म्हणजे आराम, १० म्हणजे जीव निघाला. त्याला मिनिटांनी गुणा. ४५ मिनिटांचा ३ चा रन म्हणजे १३५, तर वॉर्मअपसकट ६० मिनिटांचं ८ चं इंटरव्हल म्हणजे ४८०. किलोमीटर सारखेच दिसले तरी भार साडेतीन पट झालेला असतो, हे या गुणाकारातूनच कळतं. महागड्या घड्याळातल्या ‘रिकव्हरी’च्या टक्क्यांपेक्षा ही वही जास्त खरी.

रोज सकाळची तपासणी, दोन मिनिटं: अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा पावलं टाचेत आखडतात का; अंगठ्याने नडगीची आतली कड वरून खाली दाबताना कुठे टोचतं का; एका पायावर पाच हलक्या उड्या.

टप्पा ८: वेग परत आणणं

वेगाची घाई हॅमस्ट्रिंग आणि पोटरीला भोवते. क्रम असा:

पाचवा-सहावा आठवडा: इझी रननंतर ८० मीटरचे चार स्ट्राइड (मोकळ्या पावलांच्या छोट्या वेगवान धावा), ७० टक्के जोर, आठवड्यातून दोनदा, मातीवर, साध्या बुटांत. मध्ये पूर्ण विश्रांती, चालत परत.

सातवा-आठवा: स्ट्राइड सहा, जोर ८० टक्के. सौम्य चढावर ८ सेकंदांचे चार ते सहा स्प्रिंट. चढावर पाऊल लांब पडत नाही, त्यामुळे हॅमस्ट्रिंग सुरक्षित राहतो. उतरताना चालत या.

नववा-दहावा: आठवड्यातून एक दिवस टेम्पो (जरा जोराची, पण एकसारख्या वेगाची धाव), ५ मिनिटांचे तीन तुकडे. ट्रॅकवर प्रवेश आत्ता, पण साध्या बुटांत. हिरावाडीच्या क्रीडा संकुलात वळणावर धावताना आतल्या पायावर वेगळाच भार येतो, म्हणून वॉर्मअपच्या फेऱ्या बाहेरच्या लेनमधून.

अकरावा-बारावा: ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, आजच्या तयारीच्या वेगाने. जुन्या वैयक्तिक विक्रमावरून फेरीचा वेळ काढू नका. स्पाइक्स फक्त शेवटच्या दोन स्ट्राइडपुरते, मग दर आठवड्याला थोडे अधिक.

टप्पा ९: दुखलं तर काय

सगळं दुखणं एका तराजूत तोलू नका.

स्नायू दोन्ही बाजूंना, सगळीकडे दुखत असतील आणि ४८ तासांत कमी होत असतील, तर ते सरावाचं दुखणं. चालू द्या.

कंडरा: १० पैकी ३ पर्यंतचं दुखणं चालतं, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं नको. वाढलं तर मागच्या आठवड्याच्या आकड्यावर जा. पूर्ण विश्रांती घेऊ नका. त्याने कंडरा आणखी कमजोर होते.

हाड: इथे चालतं ते फक्त शून्य. नडगीच्या आतल्या कडेला ५ सेंटिमीटरहून लांब पट्ट्यात दुखत असेल तर ते बहुधा नेहमीचं शिन पेन. अंतर निम्मं करा आणि पोटरीची ताकद वाढवा. एकाच बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी टोचत असेल, रात्री ठणकत असेल, उडी मारताना झटका येत असेल, तर त्याच क्षणी धावणं बंद.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. ‘एक्स-रेत काही नाही’ या वाक्यावर परत ग्राउंडवर उतरून छोटी चीर मोठी करून घेतलेले खेळाडू कमी नाहीत. शंका असेल तर एमआरआय.

सावधान: चार जागांच्या बाबतीत एक दिवसही थांबू नका: जांघेत खोलवर दुखणं, म्हणजे मांडीच्या हाडाची मान, नडगीची पुढची धार, पावलाच्या वरच्या बाजूला मध्यभागी, आणि करंगळीकडच्या लांब हाडाचा घोट्याकडचा भाग. या हाडांना रक्तपुरवठा कमी असतो किंवा त्यांच्यावर ताण ओढल्यासारखा पडतो, त्यामुळे ती लवकर जुळत नाहीत. जांघेच्या दुखण्यात तपासणी होईपर्यंत कुबडी वापरा.

डायक्लोफिनॅकची वेदनाशामक गोळी घेऊन सराव करणं म्हणजे धोक्याचा दिवा कापडाने झाकणं. उन्हात, पाणी कमी असताना ती मूत्रपिंडालाही महाग पडते.

टप्पा १०: स्पर्धेत नाव द्यायचं की नाही

तारीख पाहून सराव मागे मोजत येण्याची सवय सोडा. एवढ्या सगळ्या गोष्टी झाल्या असतील तरच नाव द्या: सलग चार आठवडे एकही सराव दुखण्यामुळे बुडलेला नाही, टप्पा ३ मधल्या चाचण्या पुन्हा केल्या आणि आकडे खंडाआधीच्या किंवा वरच्या निकषांच्या बरोबरीचे आहेत, स्पर्धेच्या वेगाचा सराव किमान सहा वेळा झाला आहे, आणि स्पाइक्स किंवा रेसच्या बुटांतून किमान तीन सराव झाले आहेत. यातलं एक जरी राहिलं असेल तर ती स्पर्धा सोडा. पहिली स्पर्धा नेहमीच्या अंतरापेक्षा छोटी निवडा: १० हजारवाल्याने ३ हजार, ५ हजारवाल्याने १५००. अंतर छोटं असलं तरी वेग जास्त असतो, म्हणून त्या वेगाचे स्ट्राइड आधीच्या तीन आठवड्यांत झालेले हवेत.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दुखापतीसाठी सांध्यात किंवा कंडरेभोवती कॉर्टिसोनचं इंजेक्शन घेतलं असेल, तर १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात ग्लुकोकॉर्टिकॉइडची, म्हणजे कॉर्टिसोनच्या गटातल्या स्टेरॉइडची, सगळी इंजेक्शनं प्रतिबंधित आहेत. शरीरातून ते जायला किती दिवस लागतात हे औषधावर अवलंबून असतं, म्हणून इंजेक्शनची तारीख, नाव आणि मात्रा डॉक्टरांच्या सहीने घ्या आणि गरज असेल तर नाडाकडे (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था) उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करा. नाडाच्या नोंदणीकृत चाचणी यादीत असताना ज्यांनी निवृत्ती कळवली होती, त्यांना परतताना आणखी एक अट आहे: स्पर्धेत उतरण्याच्या सहा महिने आधी लेखी कळवून चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं. ते पत्र टप्पा १ च्या वहीसोबतच लिहून टाका, म्हणजे बारा आठवडे आणि त्यापुढची तयारी या सहा महिन्यांतच बसते.